घाटात तापणारी ब्रेक डिस्क: कशी निवडायची, कशी तपासायची, कशी टिकवायची

पुण्याच्या नाना पेठेत कारची ब्रेक डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी आणि दोन पॅडच्या चिमटीत धरून गाडी थांबवणारी चकती, घ्यायला गेलात की काउंटरवरचा माणूस बहुतेक वेळा दोन डिस्क पुढे ठेवतो. एक साधी, करडी, तेलकट कागदात गुंडाळलेली. दुसरी भोकं पाडलेली, काळ्या कोटिंगची, बरीच महाग. "ही घ्या साहेब, भोकं आहेत ना, थंड राहते," असं तो सांगतो. ऐकायला पटतं. शिवाय चाकाच्या आरपार दिसतेही छान. पण सिंहगड, दिवे घाट, ताम्हिणी, वरंधा असे घाट घरापासून दोन-तीन तासांत असलेल्या पुणेकराने बहुतेक वेळा ती करडीच घ्यावी. का, ते नीट समजून घेतलं तर पुढची सगळी कामं, म्हणजे जाडी मोजणं, तडे बघणं, गॅरेजवाल्याला काय सांगायचं ते ठरवणं, आपोआप सोपी होतात.

उष्णता किती, ते आधी कागदावर

चार माणसं बसलेली छोटी हॅचबॅक धरू, एकूण वजन १,३०० किलो. ताशी १०० किमी वेगावरून ती पूर्ण थांबवली तर साधारण ५०० किलोज्यूल गतिज ऊर्जा उष्णतेत बदलते. ब्रेक मारताना वजन पुढे झुकतं, म्हणून त्यातला ७० टक्के भार पुढच्या दोन डिस्कवर पडतो असं मानू. अशा गाडीची पुढची एक डिस्क सुमारे पाच किलोची असते. डिस्क असते बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची; एक किलो बीड एक अंशाने तापवायला अर्ध्या किलोज्यूलपेक्षा किंचित कमी ऊर्जा लागते. हिशेब केला तर एका जोरदार ब्रेकमागे दोन्ही डिस्क ७० अंशांच्या आसपास तापतात. यात काळजीचं काही नाही. पुढच्या सिग्नलपर्यंत त्या बऱ्यापैकी निवतात.

आता हीच गाडी सिंहगडाच्या पार्किंगमधून खाली आणू. उंचीचा फरक ५०० मीटर धरला तर उतारावर सोडायची ऊर्जा होते सुमारे ६,४०० किलोज्यूल, म्हणजे शंभरावरून तेरा वेळा पूर्ण थांबण्याइतकी. टायरचं घर्षण आणि हवेचा अवरोध मिळून पाचवा हिस्सा खातील. उरलेली कुठे जाणार, हे तुमच्या डाव्या हातावर अवलंबून आहे. दुसऱ्या गिअरमध्ये आलात तर मोठा वाटा इंजिन घेईल. न्यूट्रलमध्ये आलात तर जवळपास सगळी ब्रेकमध्ये जाईल आणि वीस मिनिटं प्रत्येक पुढच्या डिस्कमध्ये सरासरी दीड किलोवॅट उष्णता ओतली जाईल. वाऱ्याने अजिबात थंड झाल्या नाहीत असं मानलं तर कागदावरचं तापमान ७०० अंशांच्या पुढे जातं. प्रत्यक्षात ते तितकं चढत नाही, कारण डिस्क सतत उष्णता सोडतही असते. पण उतरताना वेग असतो ताशी वीस-पंचवीस किमी. इतक्या कमी वेगात चाकाच्या आत वारा असा कितीसा फिरणार?

घाटातल्या ब्रेकची सगळी गोम इथे आहे. हायवेवर डिस्क क्षणात तापते आणि मग भरपूर वारा खाते. घाटात ती हळूहळू तापत राहते आणि वारा मिळत नाही. म्हणून इथे वारा खेळवणाऱ्या डिझाइनइतकंच, किंबहुना थोडं जास्तच, महत्त्व डिस्कमध्ये धातू किती आहे याला आहे.

नियमांतल्या चाचण्यांतही हा फरक दिसतो. ब्रेक तापवून बघण्याची जी चाचणी कारसाठी आंतरराष्ट्रीय नियमांत आहे, तिच्यात मोठ्या वेगावरून निम्म्या वेगापर्यंत १५ वेळा, दर ४५ सेकंदांनी ब्रेक मारतात. लांब उतारावरची वेगळी चाचणी, ६ टक्के उतार, ६ किमी, ताशी ३० किमी, ही अवजड वाहनांसाठी आहे. कारला ती लागू नाही. सिंहगडाचा घाटरस्ता आठ-नऊ किलोमीटरचा, सरासरी उतार जवळपास तेवढाच, आणि तो आपण कारने उतरतो.

डिस्क अजून बिडाचीच का?

डिस्क ब्रेकचं पेटंट फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये घेतलं. पण त्याचा खरा गवगवा झाला १९५३ मध्ये, जॅग्वारने डिस्क ब्रेक लावलेल्या गाडीने ल मॉंची शर्यत जिंकली तेव्हा. त्याआधी सगळा ड्रमचा कारभार. ड्रम तापला की फुगतो आणि आतून घासणाऱ्या शूजपासून लांब जातो, म्हणून पाय खोल खोल जायला लागतो. डिस्क तापली की जाडीने वाढते, म्हणजे पॅडच्या दिशेनेच सरकते. शिवाय ती उघडी असल्यामुळे निवते लवकर.

तेव्हापासून पॅड बदलले, पॅड दाबणारे कॅलिपर बदलले, एबीएस आलं. डिस्क मात्र आजही बहुतेक गाड्यांत ग्रे कास्ट आयर्नची, म्हणजे आपल्या बिडाची. बिडाच्या तव्यावर भाकरी भाजणाऱ्याला याचं कारण वेगळं सांगायला नको: तवा जड असतो, उष्णता धरून ठेवतो आणि सगळीकडे पसरवतो. बिडात कार्बन ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात असतो. हे पापुद्रे एकमेकांना बिलगलेले असतात आणि उष्णता त्यांच्यावरून भराभर वाहते. तेच पापुद्रे कंपनं शोषतात, म्हणून ब्रेक कमी किंचाळतात.

इथे एक गंमत आहे. "जास्त मजबूत धातू म्हणजे जास्त चांगली डिस्क" हा हिशेब चालत नाही. एसजी आयर्न नावाच्या दुसऱ्या ओतीव लोखंडात ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असतं. ते बिडापेक्षा कितीतरी मजबूत, पण गोळ्या सुट्या सुट्या असल्यामुळे उष्णता तितकी वाहत नाही. पृष्ठभाग तापतो, आतला गाभा मागे राहतो आणि या फरकातून ताण तयार होऊन तडे जातात. बिडाच्या ग्रेडमध्येही हाच सौदा असतो. भारतीय मानक आयएस २१० मध्ये एफजी १५०, २००, २२०, २६० असे ग्रेड आहेत, आकडा ताणशक्तीचा. आकडा वाढला की ताकद वाढते, पण सहसा ग्रॅफाइट आणि उष्णतावहन कमी होतं. म्हणून चांगल्या डिस्कमध्ये मुद्दाम कार्बन जास्त ठेवतात, हाय-कार्बन डिस्क म्हणतात ती हीच, आणि गेलेली ताकद थोडं क्रोमियम, मॉलिब्डेनम किंवा तांबं घालून भरून काढतात. बॉक्सवर "हाय कार्बन" लिहिलेलं असेल आणि बनवणारा भरवशाचा असेल तर त्यासाठी थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही. भोकांपेक्षा हा खर्च सार्थकी लागतो.

बाकीचे धातू भराभर बघू. कार्बन-सिरॅमिक डिस्क पोर्शने २००१ मध्ये रस्त्यावरच्या गाडीत आणली. वजनाने बिडाच्या जवळपास निम्मी, गंजत नाही, प्रचंड तापमान सोसते. किंमत मात्र अशी की ती सिंहगडावर दिसणार नाही. शर्यतीच्या गाड्यांतली आणि विमानांतली कार्बन-कार्बन डिस्क तर गार असताना नीट पकडतच नाही. बीड वितळतं १,१५० अंशांच्या पुढे. ॲल्युमिनियमच्या संमिश्र डिस्क हलक्या असतात, पण साडेचारशे अंशांच्या आसपास त्यांचा धीर सुटतो. या सगळ्यात आपल्या कामाची नवी गोष्ट एकच, बिडावरचं कठीण कोटिंग. युरोपात गाड्यांच्या प्रदूषणाच्या यूरो ७ नियमांत ब्रेकच्या धुळीवर पहिल्यांदाच मर्यादा आली, त्यामुळे टंगस्टन कार्बाइडसारख्या कठीण थराच्या डिस्क वाढत आहेत. कमी घासल्या जातात, सहसा गंजत नाहीत. पण नाना पेठेतल्या डिस्कचं काळं कोटिंग हे नव्हे. ते फक्त गंजापासून बचाव करतं आणि पॅड फिरतात त्या पट्ट्यावरून पहिल्या दिवशीच निघून जातं.

आकार: जाडी, पाती, भोकं, खाचा

सॉलिड डिस्क म्हणजे एकच चकती, साधारण दहा-बारा मिमी जाड, बहुतेक मागच्या चाकांना. व्हेंटिलेटेड डिस्कमध्ये दोन चकत्या आणि मध्ये पाती असतात. चाक फिरलं की मधून हवा आत ओढली जाते आणि कडेने बाहेर फेकली जाते. पाती सरळ असतात, वक्र असतात किंवा त्यांच्या जागी सुटे खांब असतात. वक्र पात्यांची डिस्क डावी-उजवी वेगळी येते. ती उलटी बसली तर हवा नीट ओढली जात नाही, म्हणून जोडी उघडल्यावर पात्यांची दिशा बघायला विसरू नका.

भोकांचं मूळ वेगळंच आहे. जुन्या पॅडमधून गरम झाल्यावर वायू सुटायचा आणि पॅड-डिस्कच्या मध्ये अडकायचा. त्याला वाट द्यायला भोकं आली. आजच्या पॅडमध्ये तो त्रास फारसा उरलेला नाही. भोकांचा खरा फायदा म्हणजे पावसात पाण्याचा थर लवकर फुटतो आणि वजन थोडं कमी होतं. पण वजन कमी म्हणजे उष्णता धरायला धातू कमी. शिवाय बिडाला भोकाच्या कडेचा ताण आवडत नाही. तडा सुरू होतो तो तिथूनच. स्वस्त डिस्कमध्ये तर साधीच डिस्क घेऊन नंतर ड्रिल मारलेलं असतं आणि कधी कधी भोक थेट आतल्या पात्यावर उतरलेलं दिसतं. टॉर्च घेऊन भोकातून आत बघा, कळेल. खाचांची डिस्क त्यातल्या त्यात बरी. खाचा पॅडचा तोंडवळा खरवडून स्वच्छ ठेवतात, तडेही कमी जातात. बदल्यात पॅड लवकर संपतात आणि थोडा घरघर आवाज येतो.

आणखी एक बारीक गोष्ट. ३०० मिमी व्यासाची बिडाची डिस्क ४०० अंशांनी तापली तर तिचा व्यास जवळजवळ सव्वा मिमीने वाढतो. बाहेरची रिंग अशी वाढते, पण मधला हबवर, म्हणजे चाक ज्यावर आवळलं जातं त्यावर, बसणारा भाग, ज्याला हॅट म्हणतात, तो गारच असतो. दोन्ही एकाच ओतकामात असतील तर रिंग एका बाजूला किंचित कलते. चांगल्या डिझाइनमध्ये हॅटच्या मानेला खाच ठेवून हा कल कमी करतात. महागड्या गाड्यांत आणि मोटारसायकलींत रिंग वेगळी आणि हॅट वेगळी असते. मधल्या बटणांवर रिंग हवी तशी फुगू शकते. फ्लोटिंग डिस्क म्हणतात ती हीच. डेक्कन क्वीनला २०२२ मध्ये एलएचबी, म्हणजे नव्या बनावटीचे, डबे लागले. त्या डब्यांच्या ६४० मिमीच्या डिस्कमध्येही तत्त्व हेच आहे: बिडाची रिंग, पोलादी हब आणि मध्ये लवचीक नळ्या. खंडाळ्याचा १ : ३७ चा चढ-उतार रोज करणाऱ्या गाडीच्या डिस्कला फुगायला जागा लागणारच.

दुचाकीचं गणित निराळं

बुलेट, पल्सर, ड्यूक काहीही असो, दुचाकीची डिस्क बहुतेक स्टेनलेस पोलादाची असते. जाडी चार-पाच मिमी. इतक्या पातळ जाडीत बीड टिकलं नसतं, शिवाय उघड्यावर असल्यामुळे गंजून आठवड्यात तांबडं दिसलं असतं. स्टेनलेसमधून उष्णता बिडाच्या निम्म्याच वेगाने वाहते, म्हणून दुचाकीची डिस्क जागोजागी तापते. पण पोलाद चिवट असल्याने भोकं आणि पाकळ्यांची कड इथे खपून जाते. कारच्या डिस्कला जे वर्ज्य सांगितलं, ते दुचाकीला चालतं.

स्कूटरवाल्यांनी मात्र जपावं. सीव्हीटीमुळे, म्हणजे पट्ट्यावर चालणाऱ्या बिनगिअरच्या यंत्रणेमुळे, थ्रॉटल सोडल्यावर इंजिनचा ब्रेक जेमतेम लागतो, वेग फार कमी झाला की क्लच सुटतो आणि तोही जातो. सिंहगडावरून डबलसीट ॲक्टिव्हा किंवा तत्सम स्कूटर उतरवताना सगळा भार एका छोट्या डिस्कवर किंवा ड्रमवर असतो. मध्ये दोन वेळा थांबा, कणसं खा, ब्रेक निवू द्या.

पायरी पहिली: जाडी मोजा

आता हत्यारं काढू. डिस्कच्या हॅटवर किंवा कडेवर "एमआयएन टीएच" (MIN TH) आणि पुढे आकडा कोरलेला असतो. ती कमीत कमी चालणारी जाडी. गंज असेल तर वायर ब्रश मारल्यावर दिसतो. पुढच्या डिस्कला नवी जाडी २२ असेल तर हा आकडा बहुधा २० असतो; दुचाकीला बऱ्याचदा ४ किंवा ३.५.

मोजायला साधं व्हर्निअर वापरू नका. डिस्कच्या बाहेरच्या कडेला, जिथे पॅड पोहोचत नाही, एक कंगोरा उरतो. व्हर्निअरचे जबडे त्यावर टेकतात आणि जाडी खरीपेक्षा जास्त दिसते. मायक्रोमीटर घ्या. नसेल तर दोन्ही बाजूंना एकसारखी नाणी ठेवून व्हर्निअर लावा आणि नाण्यांची जाडी वजा करा. एकाच ठिकाणी मोजून थांबू नका; कडेपासून दहा मिमी आत, गोलाकार सहा-आठ जागी मोजा आणि आकडे लिहून ठेवा.

दोन मिमीची झीज दिसायला किरकोळ वाटते. पण २२ मिमीच्या व्हेंटिलेटेड डिस्कमध्ये समजा सात-सात मिमीच्या दोन चकत्या आणि मध्ये आठ मिमी मोकळी जागा आहे. दोन मिमी गेले म्हणजे चौदा मिमी धातूचे बारा उरले. तेवढ्याच उष्णतेला रिंग आता सहाव्या हिश्श्याने जास्त तापणार. म्हणून मर्यादेच्या अगदी जवळ आलेली डिस्क घेऊन महाबळेश्वरला निघू नये. गावात चालवायची असेल तर अजून काही महिने निघतील.

पायरी दुसरी: रंग आणि तडे वाचा

निळसर छटा म्हणजे डिस्क बरीच तापली होती. साध्या पोलादावर निळा रंग ३०० अंशांच्या आसपास येतो, स्टेनलेसवर त्याहून बऱ्याच जास्त तापमानाला. नुसत्या छटेने डिस्क बाद होत नाही. मात्र एकच चाक निळं असेल तर कॅलिपर जाम आहे का ते बघा. पिस्टन मागे सरकत नसेल किंवा स्लाइड पिन गंजल्या असतील.

पृष्ठभागावर केसासारख्या बारीक रेघा दिसल्या तर लक्ष ठेवा. नखाला अडकणारा तडा असेल, तडा कडेपर्यंत गेला असेल किंवा एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत पोहोचला असेल तर डिस्क बदला. त्यावर चर्चा नको.

काळपट, किंचित चकाकणारे डाग दिसले तर तिथे ७०० अंशांच्या आसपास तापून बिडाची अंतर्गत रचना बदललेली असू शकते. हे डाग कठीण होतात, कमी झिजतात आणि उंच राहतात. लेथवर फिरवून घेतल्याने वरचा डाग जातो, खालचा कडकपणा उरतो आणि काही हजार किलोमीटरमध्ये थरथर परत येते.

पायरी तिसरी: थरथर कुठून येते ते शोधा

ताशी ऐंशीला ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं, आणि गॅरेजमध्ये निदान ठरलेलं: "डिस्क वाकली." बिडाची डिस्क सहसा वाकत नाही. बहुतेक वेळा तिची जाडी गोलाकार सारखी राहिलेली नसते. ०.०२ मिमीच्या आसपासचा फरकही पायाला जाणवू शकतो. म्हणूनच वर सहा-आठ ठिकाणचे आकडे लिहायला सांगितले.

हा फरक दोन वाटांनी येतो. एक, तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून धरला की पॅडचा मसाला तिथे चिकटतो. घाट उतरून पायथ्याच्या कोंडीत ब्रेकवर पाय ठेवून उभे राहणाऱ्यांच्या गाड्यांत हे हमखास होतं. दोन, डिस्क हबवर तिरकी बसलेली असते. मग ती दर फेऱ्याला एकाच जागी पॅडला घासते आणि तिथे पातळ होते. तिरकेपणाचं कारण हबवरचा गंज किंवा वेडेवाकडे आवळलेले नट. पंक्चरवाला हवेच्या गनने एका नटवरून दुसऱ्यावर सरळ गोल फिरत, वाटेल तितकं आवळतो. चार-पाच हजार किलोमीटरनंतर थरथर सुरू होते, तोवर ते पंक्चर कोणाच्या लक्षातही नसतं.

लेथवर घ्यायचीच असेल तर फक्त नवीन-नवीन थरथर असताना, कठीण डाग नसताना आणि फिरवल्यावरही जाडी किमान आकड्याच्या बरीच वर राहणार असेल तेव्हाच घ्या. छोट्या गाडीच्या डिस्कला हा खटाटोप बहुधा परवडत नाही.

पायरी चौथी: नवीन डिस्क घेताना

जोडीनेच घ्या, एका चाकाची एकटी कधीच नाही. काउंटरवरच चार गोष्टी बघा. किमान जाडीचा आकडा कोरलेला आहे का. कडेला बॅलन्सिंगसाठी मिलिंग केलेला छोटा कट आहे का. बऱ्याच चांगल्या डिस्कवर तो दिसतो. आतली पाती सगळीकडे सारख्या जाडीची आहेत का, की ओतताना आतला साचा (कोअर) सरकून एक चकती जाड आणि एक पातळ झाली आहे. आणि वजन. शक्य असेल तर जुनी डिस्क सोबत न्या आणि दोन्ही तराजूत घाला. जुनी झिजलेली असूनही नवी तिच्याएवढीच भरली तर काउंटर सोडा. हा सगळ्यात साधा आणि सगळ्यात कमी केला जाणारा उपाय आहे, आणि दुकानदार पहिल्यांदा हसतो.

पॅडही त्याच वेळी बदला. जुन्या पॅडवर जुन्या डिस्कच्या खोबणी उमटलेल्या असतात. नव्या डिस्कवर ते अर्ध्याच जागेवर टेकतात आणि तेवढाच पट्टा तापतो.

पायरी पाचवी: बसवताना उभे राहा

गॅरेजमध्ये चहा घ्यायला बाहेर जाऊ नका. मेकॅनिकला सांगा, "दादा, हबचा फेस आधी ब्रशने साफ करा, मग डिस्क चढवा." हबवरचा गंज पूर्ण निघून धातू दिसला पाहिजे. नव्या डिस्कवर गंजरोधक तेल असतं, ते ब्रेक क्लीनरने पुसायचं. डिझेल किंवा रॉकेलने नाही, त्याचा थर राहतो. डायल गेज असेल तर डिस्क दोन नटांवर आवळून फिरवून बघा, तिचं डुलणं ०.०५ ते ०.१ मिमीच्या आत असावं, नेमकी मर्यादा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असते. जास्त आली तर डिस्क हबवर एक-दोन भोकं फिरवून पुन्हा बसवा, पुष्कळदा तेवढ्याने जमतं. नट समोरासमोर, फुलीच्या क्रमाने, शेवटी टॉर्क पान्ह्याने मॅन्युअलमधल्या आकड्याला.

पायरी सहावी: पॅड आणि डिस्क मुरवून घ्या

नव्या पॅडचा मसाला डिस्कवर पातळ, एकसारखा थर देतो, तोवर पकड पूर्ण येत नाही. पहाटे मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे आरशात बघून, ताशी साठवरून वीसवर या, मध्यम दाबाने. मग अर्धा-एक किलोमीटर ब्रेक न लावता चाला. असं आठ-दहा वेळा. पूर्ण थांबायचं नाही, नाहीतर तापलेल्या डिस्कवर पॅडचा छाप उठतो. शेवटी थोडं अंतर नुसतं चालवून निवू द्या. पहिले दोन-तीनशे किलोमीटर घाट टाळलेला बरा.

घाट उतरताना

चढताना जो गिअर लागला तोच उतरताना. ऑटोमॅटिकमध्ये मॅन्युअल मोड किंवा एल. ब्रेक सतत घासत ठेवण्यापेक्षा वळणाआधी नेमका दाबा, वेग उतरवा आणि पाय काढून घ्या. मधल्या वेळात पॅडचा पृष्ठभाग निवतो. पॅडमधली राळ साधारण ३०० ते ४०० अंशांना विघटित व्हायला लागते. तेव्हा जळका, तिखट वास येतो, पेडल कडक राहतं पण गाडी थांबत नाही. हा पॅडचा फेड. याउलट पेडल मऊ पडून खोल जायला लागलं तर ब्रेक ऑइल उकळतंय असं समजा. डॉट ३ ताजं असताना २०५ अंशांना उकळतं, डॉट ४ २३० ला. पण हे ऑइल हवेतली ओल शोषतं; पाणी मुरलं की हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदला, शक्य तर पावसाळा संपल्यावर.

कोणतीही लक्षणं दिसली तर लगेच कमी गिअर, जागा बघून बाजूला थांबा, दगड लावा. हँडब्रेक करकचून ओढू नका. मागचे ब्रेकही तापलेले असतील तर तिथेही पॅड चिकटतात. डिस्कवर पाणी ओतू नका. लालसर तापलेल्या बिडावर गार पाणी म्हणजे हमखास तडा.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांसाठी एक खास पुणेरी सापळा. पाचगणीच्या हॉटेलात रात्रभर लावून बॅटरी शंभर टक्के भरायची आणि सकाळी पसरणी घाट उतरायचा. भरलेल्या बॅटरीत रिजनची, म्हणजे वेग कमी करताना मोटर परत तयार करते ती, वीज जायला जागाच नसते, त्यामुळे रिजन जवळजवळ बंद होतं आणि बॅटरीमुळे जड झालेली गाडी सगळी डिस्कवर येते. वर ८० टक्क्यांवरच थांबा. एरवी शहरात उलटा प्रश्न: रिजनमुळे डिस्क वापरात येत नाही आणि पावसाळ्यात गंजून खड्डे पडतात. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर रिजन कमी करून दोन-चार ब्रेक नीट मारा.

साध्या गाडीलाही हे लागू आहे. जुलैमध्ये सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार दिवस उभी राहिलेली गाडी सकाळी काढताना डिस्कवर तांबडा थर असतो. पहिल्या काही ब्रेकमध्ये तो निघतो. पण पॅडखालचा चौकोनी डाग आठवडाभरात गेला नाही, तर मायक्रोमीटर घेऊन पहिल्या पायरीपासून परत सुरू करा.